नाण्यावरचा तीळ

माझे वडील रिसोडच्या सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना नाण्यांचा नाद होता. पगारातून विकत घ्यावीत अशी नाणी त्यांनी कधी घेतली नाहीत. बाजाराच्या दिवशी मोडीत भांडी घेणाऱ्यांच्या गोणपाटापाशी ते उकिडवे बसायचे आणि गंजलेल्या खुळखुळाटातून काहीतरी शोधून आणायचे. निजामाची जुनी हद्द आमच्याकडून लांब नव्हती, म्हणून चारमिनारवाले रुपये सापडत. तांब्याचे ढब्बू पैसे, मधे भोक असलेले पैसे, कडा झिजून गुळगुळीत झालेला एखादा राणीछाप. हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे. कोणी पाव्हणा आला की डबा चटईवर उपडा व्हायचा आणि ज्याला पाहिजे तो हात घालायचा.

त्या डब्यात न ठेवलेलं एकच नाणं त्यांच्याकडे होतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं दहा रुपयांचं चांदीचं नाणं काढलं. एका बाजूला झेंडा घेतलेलं जोडपं आणि त्यांच्यामागे संसदेची गोल इमारत. लोकांसाठी काढलेलं साधं नाणं वेगळं, आणि नाणी जमवणाऱ्यांसाठी मुंबईच्या टांकसाळीत खास तयार केलेलं वेगळं. त्या खास नाण्याला प्रूफ म्हणत. त्याचे ठसे घासून-पुसून आरशासारखे केलेले असतात, नाणं एकेक करून ठोकतात आणि बोट न लावता डबीत बंद करतात. आधी पैसे भरून नाव नोंदवायचं आणि मग टपालाची वाट पाहायची. बाबांनी आईला न सांगता नाव नोंदवलं होतं. पार्सल आलं तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता आणि घरात अजून रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी होत होती, त्यामुळे आईनं दोन दिवस अबोला धरला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवीनच शिक्षिका झाले होते. माझा पगार आईच्या हातात पडू लागला होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

पारदर्शक झाकणाची छोटी डबी होती. आत नाणं असं चमके की झेंडा धरलेली माणसं पाण्यावर उभी असल्यासारखी दिसत. बाबांनी ती डबी कधी उघडली नाही. रविवारी सकाळी खिडकीशी बसून ते ती उन्हात तिरपी धरत आणि परत रुमालात गुंडाळून ठेवत.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "पाय बरं पोरी. मले दिसून राह्यलं ते तुले दिसते काय?"

झेंड्याच्या काठीच्या डावीकडे, संसदेच्या छपराच्या जरा वर, तिळाएवढा तपकिरी ठिपका होता. डबी बंदच होती. तो आतल्या आत आला होता.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत असं काही मी म्हणणार नाही, जेवले. पण दुपारी डबी घेऊन ते शेठकडे गेले आणि मलाही सोबत नेलं.

शेठ म्हणजे जैन मंदिराच्या गल्लीतले कापडाचे दुकानदार. बाबांची आणि त्यांची दोस्ती नाण्यांमुळेच झालेली. गल्ल्यात एखादं जुनं नाणं आलं की शेठ ते बाजूला काढून ठेवत आणि कचेरी सुटल्यावर बाबा तिथे बसत. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत, एकमेकांच्या घरी फारसे जात नसत, पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी त्या दुकानाच्या गादीच्या कडेला दोन डोकी एका भिंगावर वाकलेली दिसत. शेठनी त्या दिवशी भिंग लावून ठिपका पाहिला, चष्मा कपाळावर केला आणि म्हणाले, "चांदीले हवा लागली का येते असं. तीळ हाय म्हना. कोनाले सांगू नका बाबूजी. ज्याले माहीत नाई त्याले दिसत नाई."

तेव्हापासून आमच्यात त्या डागाला तीळच म्हणत.

हे नाणं घरातच राहतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण स्वातंत्र्यदिनाला बाबांनी ते कचेरीत नेलं, सगळ्यांना दाखवायला. त्यांच्या वरच्या जागेवरचे अव्वल कारकून डबी हातात घेऊन म्हणाले की हे बँकेतलं साधं नाणं आहे, चिंच लावून घासलेलं. टांकसाळीचं खास नाणं आपल्याकडे कुठून येणार? मग हसत हसत त्यांनी एक वाक्य असं म्हटलं की त्यात 'तुमच्या लोकांना' हे शब्द होते. बाबांनी घरी येऊन ते वाक्य पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "चिंचेनं घासलं म्हने."

टांकसाळीची पावती होती, पण पावती नाण्याला चिकटलेली नसते, हे बाबांनाही कळत होतं. ती पावती दुसऱ्या कोणत्या नाण्याचीही असू शकते असं कोणीही म्हटलं असतं. त्यामुळे हिवाळ्यात शेठनी वाशिमच्या प्रदर्शनाची बातमी आणली तेव्हा बाबा एकदम उठून बसले. वाशिमला नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांनी एका शाळेत दोन दिवसांचं प्रदर्शन ठेवलं होतं आणि मुंबईहून एक नामांकित परीक्षक येणार होते. आपलं नाणं त्यांच्याकडे द्यायचं. ते तपासून प्रथम, द्वितीय किंवा तृतीय असा दर्जा देणार, आणि नाणं अस्सल असल्याचा शिक्क्याचा दाखला.

"डबी उघडावी लागेल ना बाबा?" मी विचारलं.

"परीक्षक हाय तो. त्याले समजते कसं धराचं."

"आणि तीळ?"

बाबा शेठकडे पाहू लागले. शेठ म्हणाले, "तीळ त्याले दिसला तं दिसला. आपून दाखवाचं नाई."

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. बाबांनी डबी रुमालात, रुमाल पितळी डब्यात आणि डबा पिशवीत घातला होता. पिशवी मांडीवर घेऊन ते वाशिमपर्यंत ताठ बसले. बाहेर तुरीची शेतं काढणीला आली होती. रिठदला थांबा लांबला, तेव्हा शेठ चहा घ्यायला उतरले. बाबा जागेवरून हलले नाहीत.

शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं सरकवून काचेची कपाटं मांडली होती. दाराशी टेबल होतं आणि टेबलामागे मंडळाचे दोन कार्यकर्ते. एकानं बाबांची डबी घेतली आणि तिला नंबराचा कागद चिकटवला. तोच नंबर असलेली चिठ्ठी त्यानं बाबांना दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चांदीचे नाणे, रुपये दहा, नग एक.

मी चिठ्ठी वाचली. अशी नाणी आज इथे आणखी किती येतील? मी कार्यकर्त्याला म्हटलं, "यावर नाण्याची एखादी खूण लिहा ना."

"कसली खूण?"

मी तोंड उघडलं तोच बाबांनी माझं कोपर दाबलं. शेठनीही बारीकशी मान हलवली. डाग चिठ्ठीवर चढला की परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाणार, हे दोघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "काही नाही," मी म्हटलं. कार्यकर्त्यानं डबी उचलून इतर डब्यांसोबत एका ताटलीत ठेवली आणि ताटली पडद्यामागे गेली. पडद्यामागे परीक्षक बसले होते.

मंडळाचे अध्यक्ष तिथेच फिरत होते. गोरे, उंच, खांद्यावर काश्मिरी शाल. ते वाशिमचे कापडाचे ठोक व्यापारी होते आणि शेठ वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच माल उचलत, म्हणून त्यांनी शेठना लांबूनच हाक मारली. बाबांचं नाणं कोणतं हे कळल्यावर ते म्हणाले, "असंच माझ्यापाशी बी हाय. म्या बी देल्लं तपासाले. दर दिवाळीले काढतो अन् या शालीनं मस्त पुसून ठेवतो. असं चमकते का तोंड पाहून घ्या."

बाबांनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. प्रूफ नाणं पुसायचं नसतं. मऊ शालीनंही आरशावर केसाएवढ्या रेघा उठतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. हे मलाही एव्हाना पाठ होतं.

बाबा पडद्याजवळच्या बाकावर बसले आणि तिथून उठले नाहीत. मी आणि शेठ कपाटं पाहत फिरलो, पण माझं लक्ष लागेना. पडदा हलला की बाबांची मान वर होई. शाळेच्या मागच्या अंगणात जेवणं झाली. मी भाकरी आणि ठेचा बाबांना बाकावरच नेऊन दिला. दोन घास खाऊन त्यांनी पुडी बांधून ठेवली.

दुपारी निकाल येऊ लागले. प्रथम ठरलेली नाणी मधल्या कपाटात मांडत होते. अध्यक्षांचं दहाचं नाणं प्रथम ठरलं. त्यांनी स्वतःच्या हातानं डबी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता थांबले. ज्या नाण्याला दर दिवाळीला शाल लागते ते प्रथम कसं आलं?

तेवढ्यात बाबांचा नंबर पुकारला. कार्यकर्त्यानं डबी आणि कागद त्यांच्या हाती दिला. द्वितीय. पृष्ठभागावर पुसल्याच्या रेषा.

बाबांनी कागद मला दिला आणि डबी घेऊन ते खिडकीशी गेले. उन्हात तिरपी धरली. उलटी केली, पुन्हा सरळ केली. मी जवळ गेले. नाण्याच्या आरशावर बारीक बारीक रेघांचं जाळं होतं. काठीच्या डावीकडे, छपराच्या वर, स्वच्छ चांदी होती.

"हे माझं नाई," बाबा म्हणाले.

ते हळू म्हणाले होते, पण कार्यकर्त्यानं ऐकलं. "काका, नंबर पाहा ना. तुमचाच नंबर हाय."

"नंबर माझा हाय. नाणं माझं नाई."

"सगळी सारखीच तं असतात. नंबर कमी आला म्हणून असं वाटते."

दोन-चार लोक हसले. बाबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. मला वाटलं, आता ते मुकाट्यानं डबी पिशवीत टाकतील आणि चला म्हणतील. जन्मभर कचेरीत त्यांनी तेच केलं होतं. पण ते डबी टेबलावर ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. "परीक्षक सायबाले बोलवा," एवढंच म्हणाले.

परीक्षक बाहेर आले. साठीचे, हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं जुनं नाणं असतं तर मी लगेच निवाडा केला असता. हातानं पाडलेली दोन नाणी कधी सारखी नसतात. शिक्का एकीकडे सरकतो, कड फाटते. पण हे यंत्राचं काम आहे. पडद्यामागे माझ्यासमोर अशा तीन डब्या होत्या. मी एकेक उघडतो, पाहतो, परत ठेवतो. एकाचं नाणं दुसऱ्याच्या डबीत गेलं नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि गेलं असंही सांगू शकत नाही. चिठ्ठीवर काही खूण लिहिली होती का?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग माझा नाइलाज आहे."

आजूबाजूला आता वर्तुळ झालं होतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या नाण्याले डाग हाय. झेंड्याच्या काठीच्या डाव्या अंगाले, छपराच्या वर. तिळाएवढा."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "डाग? हे तुम्ही देताना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुमी त्याले खालचा नंबर देल्ला असता. म्हणून नाई सांगतलं."

कोणीतरी पुन्हा हसलं, पण परीक्षक हसले नाहीत. ते सरळ मधल्या कपाटाकडे गेले, काचेला नाक लागेल इतके वाकले आणि भिंग डोळ्याशी धरलं. बराच वेळ ते तसेच होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "आहे," ते म्हणाले. "डाग आहे. माझ्या नजरेतून सुटला."

अध्यक्ष पुढे आले. "असंन. माझ्या नाण्याले डाग असंन. म्हणून ते या बाबूचं झालं काय? हे मंडळी दुपारभर इथंच फिरून राह्यली. कपाटात डाग पाह्यला अन् आता सांगून राह्यले."

"मी त्या कपाटाजवळ गेलो नाई," बाबा म्हणाले. "मी बाकावर होतो."

"तुमची पोरगी तं फिरत होती ना?"

हे खरं होतं. मी फिरत होते. मी तो डाग कपाटात पाहिला नव्हता, कारण त्या कपाटासमोर गर्दी होती, पण हे मी कशानं सिद्ध करणार? मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच सकाळी म्हणालात, दर दिवाळीला शालीनं पुसतो. मग पुसल्याच्या रेघा तुमच्या नाण्यावर पाहिजेत."

"म्हणजे? मी चोर हाय?" त्यांचा आवाज चढला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी झटक्यानं वर घेतली. मग ते एकदम शेठकडे वळले. आवाज बदलला, जवळिकीचा झाला. "शेठ, तुमी तं वळखता मले. इतक्या वर्षांचा व्यवहार हाय आपला. सांगा यायले समजावून. अन् हा विषय संपवा."

शेठ बाबांच्या मागे उभे होते. दुकानातला सगळा माल, लग्नसराईची लुगडी, धोतरं, शाळेच्या गणवेशाचं खाकी कापड, या माणसाच्या गोदामातून येत होतं. मला ते माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. बाबांनी वळून शेठकडे पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही. नाही बोलले तरी चालेल, असं ते पाठीनंच सांगत होते.

शेठनी चष्मा काढला. तो हातात तसाच धरून म्हणाले, "तीळ या बाबूजीच्याच नाण्याले हाय. म्या पाह्यला होता. उन्हाळ्यात, माझ्या दुकानात बसून, माझ्याच भिंगातून."

"इचार करून बोला शेठ."

"इचार करूनच बोलून राह्यलो. कोनाले सांगू नका असं यायले मीच म्हणलं होतं. सकाळी चिठ्ठीवर लिहू नका म्हणून मान बी मीच हलवली. हे पोरगी लिहाले सांगत होती."

बाहेर अंगणात कोणीतरी पत्रावळी गोळा करत होतं, तेवढाच आवाज येत होता.

अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली. कपाटाचं कुलूप उघडलं. त्यांनी डबी उचलली, झाकण उपटलं आणि आतलं नाणं सरळ बोटांनी बाहेर काढलं. अंगठा बरोबर आरशावर.

"अहो, कडेला धरा! कडेला!" परीक्षक ओरडले आणि हात पुढे करून धावले.

तोवर नाणं टेबलावर आपटलं होतं. "घ्या," अध्यक्ष म्हणाले. "एका नाण्यापाई केवढा तमाशा." बाबांसमोरची डबी उचलून ते निघून गेले.

त्यांनी मुद्दाम बदललं होतं का, की पडद्यामागे नाण्यांची अदलाबदल झाली आणि टाळ्या वाजल्यावर त्यांना मागे फिरता येईना, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांचं म्हणणं होतं की अदलाबदलच झाली असेल. माझं मत तेव्हा वेगळं होतं. आता माझं काही मत नाही.

परीक्षकांनी मोज्यांच्या हातांनी नाणं कडेला धरून उचललं आणि खिडकीशी नेलं. तीळ होता, जिथे बाबांनी सांगितला होता तिथेच. आणि त्याच्या शेजारी, झेंड्यापासून काठापर्यंत, अंगठ्याचा अख्खा ठसा उमटला होता. रेषा मोजता आल्या असत्या इतका स्पष्ट. बाबांचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

"पुसू नका," परीक्षक म्हणाले. "आत्ता पुसलं तर हे जाईल आणि त्या जागी रेघा येतील. राहू दिलं तर हळूहळू काळं पडेल. दोन्हींत राहू दिलेलं बरं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "दाखला देऊ का? चूक माझ्या टेबलावर झाली आहे. सकाळी जसं होतं तसं धरून मी दर्जा लिहू शकतो."

मला वाटलं बाबा हो म्हणतील. त्यासाठीच तर आलो होतो.

"आता जसं हाय तसं लिहा," बाबा म्हणाले. "टांकसाळीचं हाय, हे लिहा. डाग हाय, हे लिहा. बोट लागलं हे बी लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि नाणं कपाटापाशी राहिलेल्या रिकाम्या डबीत ठेवून दिलं. दर्जाच्या जागी तृतीय.

परतीच्या गाडीत आम्हाला मागची लांब सीट मिळाली. ऊन उतरलं होतं. बाबांनी पितळी डबा या वेळी पिशवीतून काढून हातातच धरला होता.

"तुमच्या मालाचं काय होईन?" त्यांनी शेठना विचारलं.

"अमरावतीहून आनीन."

"लांब पडते."

"पडते तं पडू द्या."

मग बाबा खिडकीबाहेर पाहत बोलायला लागले. मला वाटलं ते दिवसाबद्दल बोलतील, पण ते त्यांच्या खेड्यातल्या दुकानाबद्दल बोलत होते, त्यांच्या लहानपणच्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईनं मीठ आणायला पाठवलं की दुकानासमोर वाटेवर उभं राहून हाक मारायची. पैसा ओट्याच्या कडेला ठेवून मागं सरकायचं. मग दुकानदार लोट्यातलं पाणी त्या पैशावर शिंपडे आणि तेव्हाच उचले. मीठ वरून पसरलेल्या फडक्यात टाके.

"मले वाटे, पैसा मळका असंन म्हणून पाणी टाकते," बाबा म्हणाले. "म्हणून मी घरून निंघताना राखेनं घासून नेऊ लागलो. चकचकीत करून. तरी शिंपडेच. मंग मायनं सांगतलं काहून शिंपडते ते."

मी पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसले होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न पाहता, बाबांकडेही न पाहता, ते म्हणाले, "आमच्या दुकानातबी असंच होतं. लोटा गल्ल्याजोळच राहे. वडील शिंपडत. ते जेवाले गेले का मी बसो गल्ल्यावर." ते थांबले. "म्या बी शिंपडलं हाय, बाबूजी."

"असंन," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि समजूतही नव्हती. त्यांनी ते नुसतं ऐकून घेतलं. मला मात्र राग आला होता. ज्या माणसानं तासाभरापूर्वी आमच्यासाठी आपला धंदा पणाला लावला त्याच्यावरच आला होता, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं.

वळून पाहिलं तेव्हा बाबांनी डबी उघडली होती. त्यांनी नाणं दोन बोटांनी बाहेर काढलं, अगदी साधं नाणं काढावं तसं, आणि शेठपुढे धरलं.

"धरा."

"नका बाबूजी. खराब होईन."

"व्हाचं ते झालं. धरा."

शेठनी तळहात पुढे केला. बाबांनी नाणं त्यावर ठेवलं. शेठ ते निरखून पाहत नव्हते, त्यांनी फक्त मूठ मिटली. रिठदला बोरांची टोपली घेऊन एक बाई चढली, तिला जागा द्यायला आम्ही तिघं सरकलो, तेव्हाही ती मूठ तशीच होती. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मास्तरीन, तुमी घ्या." मी घेतलं. त्यांच्या हातातून आलेलं नाणं कोमट होतं आणि मला वाटलं होतं त्याहून बरंच जड होतं. मी ते धरून ठेवलं, राग तसाच होता तरी.

घरी आल्यावर आईनंही ते हातात घेऊन पाहिलं. शेजारच्या बायकांनी पाहिलं. दाखला बाबांनी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली टाकला आणि कचेरीत तो कधी नेला नाही. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अव्वल कारकुनाले वाचाले देल्ला तं तो म्हनीन, पाय, तिसरा नंबर." आणि मोठ्यानं हसले.

मी पुढचे दोन महिने शेठच्या दुकानात गेले नाही. बाबा जात होते, पूर्वीसारखेच, कचेरी सुटल्यावर. मला काही म्हणाले नाहीत. मग शाळेच्या संमेलनासाठी मुलींच्या परकरांचं कापड घ्यायची वेळ आली, तेव्हा मी आपणच गेले. शेठनी गठ्ठा उलगडला. कापड चांगलं होतं, मी तसं म्हटलं. ते म्हणाले, अमरावतीचा माल आहे, गाडीभाड्यात मार खातो, पण वाण बरा आहे. मग त्यांनी मला विचारलं की परकर घोळदार पाहिजेत का साधे, आणि गज हातात घेऊन कापड मोजायला लागले.